जत्रेला न आलेला मुलाणी

आमच्या वाडीत माणसं मोजकी आन् तोंडं लई. त्यात माझं एक. लोक म्हणत्यात, प्रयागबाईच्या तोंडाला लागू नका. नका लागू! पर दस्तगीर मुलाण्याचं कुणी काय सांगाय लागलं की मला गप बसवत न्हाय, कारण समदी अर्धंच सांगत्यात. कोण म्हणतंय त्यो आमच्यावर रुसला, कोण म्हणतंय त्येला पाव्हण्यांनी बिघडवला. म्या त्या दिवशी त्येच्या दारात उभी व्हते. मला ठावं हाय.

शेळगावच्या अलीकडं कॅनॉलच्या अंगाला आमची वाडी. समदा ऊस. मुलाण्याचं घर एकच, आमच्या गोठ्याच्या मागं. मी लगीन होऊन आले तवा ह्या दस्तगीरला मिसरूड फुटत व्हतं, म्हणून मी त्येला भावजी म्हणायची आन् त्यो मला वहिनी. आमचं मालक, सर्जेराव, त्येचं दोस्त. दोस्ती म्हंजी एकानं तंबाखू मळायची आन् दुसऱ्यानं फुकट खायची. फुकट खाणारं आमचं मालक.

दस्तगीरच्या पायाला भिंगरी व्हती. सकाळी बघावा तर कॅनॉलवर, घटकाभरानं लासुर्ण्याच्या रस्त्याला, दुपारी कुणाच्या तरी बांधावर म्हशीला दवा पाजतोय. एकरभर रान आन् बाजारच्या दिवशी बाभळीखाली मटणाचं दुकान, एवढाच परपंच. पर गावात कुणाचं काय अडलं की हाक त्येलाच. त्येची बायको हलीमा म्हणायची, "वहिनी, ह्येंना खुंट्याला बांधून ठिवा." मी म्हणायची, "खुंटा उपटून घेऊन फिरतील गं!"

आता जत्रेचं सांगते. चैतात आमच्या लक्ष्मीआईची जत्रा. पयल्या दिवशी पालखी आन् पुरणपोळीचा निवद, दुसऱ्या दिवशी बकरी. शहरातलं माणूस ऐकून हसतंय. देवी आमची, नवस आमचा, बकरं आमचं, आन् सुरी फिरवणार मुलाणी, ती बी आल्लाचं नाव घेऊन. मग हसा की! आमच्या सासऱ्याच्या आज्यापासनं हेच चालत आलंय. मुलाण्याची सुरी फिरली न्हाय तर त्ये मटण न्हवंच, मुर्दाड. कुणी तोंडाला लावणार न्हाय. भल्या भल्या मराठ्याचं घर असूं दे, बकरं मुलाण्याच्या हातचंच पायजे.

आन् दस्तगीरचा हात! जत्रेच्या सकाळी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून यायचा. आधी बकऱ्याला पाणी पाजायचा. सुरी बकऱ्याला दिसू द्यायचा न्हाय, पाठीमागं धरायचा. ज्येचा नवस त्या बाईला इचारायचा, "मनात काय किंतु न्हाय न्हवं?" ती न्हाय म्हणली की मगच. पयलं बकरं मानाचं, म्हाताऱ्या आबासाहेब पाटलाच्या घरचं. त्येच्यावर दस्तगीरची सुरी फिरली की हलगी वाजायची, आन् मग जत्रा सुरू. मुलाण्याला नारळ आन् वाटा. मोहरमला त्येच्या घरी पिराचा पंजा बसायचा, तवा खांदा द्यायला आमचं मालक आन् निम्मी वाडी. ह्येत कुणाला काय मोठं वाटत न्हवतं. भाकरी खाताना कुणी भाकरीचं कौतुक करतंय व्हय?

मग त्ये वरीस आलं. ममईत दंगल झाली त्ये. आमच्या वाडीत काय झालं न्हाय, कुणी कुणाला बोट लावलं न्हाय. पर बातम्या आल्या, भाषणाच्या कॅसेटी आल्या, इंदापूरला सभा झाल्या, आन् पोरांच्या डोक्यात वारं शिरलं. माझाच रविराज त्यात म्होरं. बावीस वर्साचा घोडा, कारखान्याला ट्रॅक्टर चालवायचा. कपाळाला भला मोठा टिळा लावून ताटावर बसला आन् मला म्हणला, "आई, आवंदा जत्रेला मुलाणी नको. आपली जत्रा आपुन करू."

"बरं," म्या म्हणलं, "आन् बकरं कोण कापणार? तुझा बाप? त्येला कांदा कापता येत न्हाय."

मालक लगेच म्हणलं, "मला कशाला मधी वढती?"

"रामहरी कापणार हाय," रव्या म्हणला. रामहरी म्हंजी त्येचा जोडीदार, उसाला कोयता चालवायचा. "एका दणक्यात."

"मेल्या, दस्तगीरचाचाच्या खांद्यावर बसून तू जत्रा बघितलीस. त्येच्या घरच्या शिरखुर्म्यानं तुझं पोट वाढलंय."

"चाचाचं काय न्हाय गं आई. चाचा चांगलाच हाय. पर परश्न तत्त्वाचा हाय."

तत्त्वाचा! धाव्वी नापास आन् तत्त्व! म्या त्येच्या ताटातली भाकरी उचलून म्हशीला घातली. त्यो उपाशी उठून गेला, पर हटला न्हाय.

आन् तिकडं दस्तगीरच्या घरात दुसरंच चाललेलं. त्येची लेक रेहाना. गुणी, गोरीपान, शिवणकामात हात असा की बघत ऱ्हावं. पर ल्हानपणी पोलिओनं एक पाय बारीक झालेला. चालताना लचकायची. चोवीस वर्साची झाली तरी लगीन न्हाय. पाव्हणं यायचं, पोहे खायाचं, पोर चहाचा ट्रे घेऊन चालत आली की एकमेकाकडं बघायचं आन् गेल्यावर निरोप धाडायचं की पोराला येवढ्यात लगीन करायचं न्हाय. हलीमा रडायची. रेहाना रडायची न्हाय, मिशन हाणत बसायची, आन् त्येच बघवायचं न्हाय. मला लेक न्हाय. माझ्याकडं बसून पुरण वाटायला शिकली ती पोर. तिच्यासाठी मी बी कुठं कुठं शब्द टाकला व्हता.

अशात बारामतीचं स्थळ आलं. निजामभाई शेख म्हणून माणूस, एका कंपनीत कामाला. पोरगा यासीन बी कामाला लागलेला. पोरानं पोरीला शिवणाच्या वर्गात बघितलेली, आन् पाय बघूनच हो म्हणलेला. देणंघेणं काय नको. हलीमा तर येडीच झाली व्हती. बोलणी करायला निजामभाई आलं तवा मी आत पोह्याला फोडणी देत व्हते. मधी नुसता पडदा. समदं ऐकू येत व्हतं.

निजामभाई माणूस वाईट न्हवता, हे आधीच सांगते. आवाज मऊ, बोलणं अदबीचं. त्येच्या भावाची ममईत बेकरी व्हती, ती जाळली. भाऊ अंगावरच्या कपड्यानिशी बारामतीला आला. तवापासनं त्या घरातल्या माणसांचं मनच आकसलं. त्यो म्हणला, "दस्तगीरभाई, आमचं मागणं एकच. ते जत्रेचं बंद करा."

"मी सुरी फिरवतो तवा आल्लाचंच नाव घेतो, निजामभाई. दुसरं नाव माझ्या तोंडात येत न्हाय."

"तुमच्या तोंडात कुणाचं नाव आहे ते कळतं हो मला. पण बकरं कुणाच्या नावानं आणलेलं असतं?"

फोडणी करपली तरी मला कळलं न्हाय.

निजामभाई म्हणला, "आमच्या घरात येणाऱ्या पोरीला उद्या कुणी बोलू नये, एवढंच. घरात भाऊ बसलाय. त्याच्यासमोर मी काय सांगू, की व्याही जत्रेला बकरी कापतात? तुम्ही विचार करा. घाई नाही."

घाई न्हाय म्हणला, आन् साखरपुड्याचा दिवस धरला जत्रेतल्या बकऱ्यांचाच. मुद्दाम धरला का चुकून, ते त्येचं त्येला ठावं. मला इचाराल तर मुद्दाम.

दस्तगीर दोन दिवस नुसता फिरत व्हता. मग उसाच्या बांधावर मला गाठून म्हणला, "वहिनी, एक काम करा माझं. गावाला सांगा, मुलाणी आजारी हाय. ताप आलाय. मला सोत्ताला सांगवणार न्हाय."

"भावजी, जीव काय म्हणतोय तुमचा?"

"जीव गप बसत न्हाय. पर पोरीकडं बघतो आन् गप बसवतो त्येला."

मला तर वाटलं, आंधळा मागतो एक डोळा आन् देव देतो दोन! पोरांना मुलाणी नको, पाव्हण्यांना जत्रा नको. कुणी भांडायचं न्हाय, कुणी तुटायचं न्हाय. रेहानाचं हात पिवळं हुतील, पुढच्या सालचं पुढं बघू. म्या गावभर सांगत सुटले, दस्तगीर तापानं फणफणलाय. आबासाहेबाला सांगितलं तवा म्हातारा माझ्याकडं बघतच ऱ्हायला. आईच्या देवळाच्या पायरीवर उभी ऱ्हाऊन खोटं बोलले मी. त्या दिवशीपासनं रातची झोप न्हाय, दिवसा अन्नावर वासना न्हाय. मालक म्हणलं, "तुलाच ताप आलाय जणू."

जत्रेचा दुसरा दिवस उजाडला. देवळाम्होरं लिंबाखाली बकरी बांधलेली, चुली मांडलेल्या, बायका मसाला वाटून तयार. हलगीवाला हलगी तापवून बसलेला. रामहरीनं कोयता घासून आणलेला. आबासाहेब म्हणला, "मुलाणी आजारी हाय तर शेळगावचा दुसरा मुलाणी आणा." रव्या म्हणला, "आबा, आता मुलाणीच नको." म्हाताऱ्यानं आपलं मानाचं बकरं सोडलं, दावं हातात धरलं आन् घरचा रस्ता धरला.

पोरांना तर चेव आला. त्येंनी वर्गणीचं बकरं पुढं घेतलं. रामहरीनं एका दणक्यात मान उडवली. हलगी वाजली. पर बाई, एकबी म्हातारं माणूस हाललं न्हाय. आमी बायका हाताची घडी घालून उभ्या. पोरांनीच सोललं, पोरांनीच शिजवलं. चंद्राबाईकडं मीठ मागितलं तर ती म्हणाली, "घे मीठ, पर भांडं परत आणू नगंस." शिजलं. वास तर झकास सुटला. पोरं पंगतीला बसली. रव्या मधी.

आन् मग गंमत बघा. रव्यानं भाकरी मोडली, रश्शात बुडवली, घास तोंडाजवळ नेला आन् हात तितंच थांबला. कुणी हटकलं न्हाय. पर जल्मापासनं कानावर पडलेलं, मुर्दाड खाऊ नये. तत्त्व डोक्यात शिरलं व्हतं, गळ्याखाली उतरंना. त्येच्या बाजूचा एक पोरगा उठून बांधाकडं पळाला आन् भडाभडा वकला. रामहरी सोत्ता म्हणला, "रव्या, मला तर कसंतरीच हुतंय." मालक माझ्या कानात म्हणलं, "हात दाखवून अवलक्षण." मला हसू बी येईना. बाकीची बकरी तशीच बांधलेली, नवसाच्या बाया डोळ्याला पदर लावून बसलेल्या. एकीनं तर आईला हात जोडून मोठ्यानं म्हणायला सुरवात केली की माझ्या पोराला काय झालं तर ह्या पोरांना बघून घे.

रव्या ताटावरनं उठला. तोंड पांढरं पडलेलं. म्हणला, "मी चाचाला घेऊन येतो. ताप असला तर उचलून आणतो."

अगं बाई, तितं पाव्हणं बसल्यात! साखरेची पुडी घेऊन बारामतीच्या बाया बसल्यात! आन् ह्ये खोंड जाऊन दारात हाळी घालणार! म्या मागनं वरडले, "रव्या, थांब!" त्येनं ऐकलं न्हाय. मी लुगडं सावरत पळाले. पन्नाशीला आलेली बाई मी, गुडघं माझं दुखतंय, तरी पळाले. मी पोचायला आन् त्येनं अंगणात उभं ऱ्हाऊन हाक मारायला एकच गाठ पडली.

"चाचा! चला, बकरी थांबल्यात. तुमच्याबिगर जत्रा हुईना!"

ओसरीवर निजामभाई, त्येचा त्यो भाऊ, दोन बाया. मधी साखरेचं ताट. दाराशी रेहाना, नवी कोरी ओढणी डोईवर. आन् दस्तगीर, धुतलेला सदरा घालून, भिंतीला टेकून बसलेला. ताप न्हाय, काय न्हाय. रव्यानं बघितलं आन् त्येला कळंना.

"चाचा, तुमी आजारी..."

निजामभाईनं मान खाली घातली. म्हणला, "दस्तगीरभाई, लोक थांबलेत. तुमचं तुम्ही ठरवा. मी काही बोलणार नाही." मऊच बोलला. त्यापरीस त्येनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

दस्तगीर रव्याला म्हणला, "मी येत न्हाय."

"चाचा, असं काय करता? चुकलं आमचं."

"येत न्हाय म्हणलं ना."

मग ह्ये माझं रत्न भडकलं. दुपारपासनं समदीकडनं लाज निघालेली, ती त्येनं तितं काढली. म्हणला, "ह्या गावाचं एवढं खाल्लं, आन् आज गावाची अडचण झाली तर पाव्हण्यांच्या म्होरं—"

म्या त्येच्या थोबाडात ठिवून दिली. पाव्हण्यांच्या देखत, खाडकन्. बावीस वर्साच्या लेकाला. त्यो गालावर हात ठिवून उभा ऱ्हायला. मी म्हणलं, "मुलाणी नको म्हणणारा तू, आन् मुलाणी येत न्हाय म्हणून बोलणारा बी तूच?"

दस्तगीर उठला. मला म्हणला, "वहिनी, मारू नका त्येला. त्येला पायजे व्हतं तसंच झालं." मग निजामभाईकडं बघून म्हणला, "तुमाला पायजे व्हतं तसंच झालं. तुमचं दुःख मला कळतंय, मी राग धरत न्हाय. पर महिना झाला, जो यितो त्यो त्येला काय पायजे ते सांगतो. मला काय पायजे ते एकानं इचारलं न्हाय."

आन् त्येनं सदऱ्याच्या बाहीनं डोळं पुसलं. त्या माणसाला मी रडताना कधी बघितलं न्हवतं, बाप मेला तवा बी न्हाय.

माझ्याच्यानं ऱ्हावलं न्हाय. "मग मी इचारते. भावजी, तुमाला काय पायजे?"

"मला जायचंय, वहिनी."

एवढंच म्हणला. लिंबाखालची हलगी बंद पडलेली. त्यो अंगणाच्या कडंपातूर आला. मला वाटलं निघालाच. मग त्येनं मागं वळून दाराकडं बघितलं. रेहाना चौकट धरून उभी व्हती, एका पायावर भार देऊन. ती म्हणली, "अब्बा, तुमी जावा." खरं सांगते, पोर तसं म्हणली. त्यो तिच्याकडं बघत ऱ्हायला. मग परत गेला, भिंतीला टेकून बसला आन् निजामभाईला म्हणला, "साखर वाटा."

मी रव्याचा दंड धरून त्येला घेऊन आले. वाटंत त्यो ल्हान पोरासारखा हुंदके देत व्हता, आन् मी त्येला शिव्या देत व्हते आन् सोत्ता बी रडत व्हते. बकरी सोडून ज्याची त्येनं घरी नेली. त्या सालची जत्रा कोरडीच गेली.

लगीन झालं. पोर बारामतीला सुखात हाय. नवरा जीव लावतोय, निजामभाई तिला लेकीसारखी बघतोय. मग मी कुणाला शिवी देऊ? त्येच तर कळत न्हाय! वाईट कुणीच न्हवतं, आन् वाटोळं तर झालं. पुढच्या साली रव्या आन् त्येची पोरं नारळ घेऊन, पाया पडून बोलवायला गेली. दस्तगीरनं नारळ ठिवून घेतला, चहा पाजला आन् गेला न्हाय. शब्द दिलाय म्हणला. आता शेळगावचा मुलाणी यितो, सुरी फिरवून, वाटा घेऊन जातो.

पर मला त्ये न्हाय सलत. मला सलतंय त्ये येगळंच. जत्रा कोरडी गेली त्याच साली, दीड-दोन महिन्यांनी त्येंची बकरी ईद आली. सकाळी हलीमा माझ्याकडं धावत आली, "वहिनी, चला. ह्ये सुरीला हात लावंनात." गेले. बकरं अंगणात, नमाज पढून आलेली माणसं बसलेली, आन् दस्तगीर ह्या भिंतीपासनं त्या भिंतीपातूर येरझाऱ्या घालतोय.

मी म्हणलं, "भावजी, आज कुणाची हरकत हाय? आज तर तुमचा सोत्ताचा सण. बकरं बी आल्लाच्याच नावाचं."

त्यो थांबला. आपल्या उजव्या हाताकडं बघत म्हणला, "व्हय वहिनी. पर आईच्या दारात बाया रडत बसल्या व्हत्या आन् ह्यो हात हितं भिंतीला टेकून बसला व्हता. त्यो घेऊन आल्लाच्या म्होरं कुठल्या तोंडानं जाऊ?"

शेवटाला दुसऱ्याला बोलावून आणलं. त्येनं काम केलं. दस्तगीरनं वाटं करून घरोघर पोचवलं, आमच्या बी घरी आला. मी पातेलं पुढं केलं, आन् आमी दोघं बी एकमेकाकडं न बघता उभं ऱ्हायलो.